कोकणात हातमाग लावताय? मग या चुका टाळा

पावसाळा सरत आला की मला एकाच तऱ्हेचे फोटो येऊ लागतात. मधोमध तपकिरी रेघ उमटलेलं कापड, काळे ठिपके पडलेला ताणा, म्हणजे मागावरचे उभे धागे, कडा आत ओढल्या गेलेलं उपरणं. पाठवणारी माणसं मन लावून काम करणारी असतात. पण ती शिकलेली असतात येवल्या-सोलापूरकडच्या कुणाकडून, नाहीतर व्हिडिओ बघून, आणि विणत असतात कोकणात. देशावर विणकर हवेत ओल टिकवायला धडपडतो, कारण सुती धागा कोरड्या हवेत ठिसूळ होतो आणि दमट हवेत जास्त ताण सोसतो. आपल्याला ती ओल आयती मिळते, पण तिच्यासोबत समुद्राचं मीठही येतं. इथली निम्मी दुखणी त्यातून निघतात.

खड्डामाग, म्हणजे जमिनीतल्या खड्ड्यात पाय सोडून विणायचा माग, तर लावूच नका. देशावर खड्ड्यातली ओल ताण्याच्या कामी येते. आपल्याकडे जांभ्यात खणलेल्या खड्ड्यात आषाढात पाणी उभं राहतं. लाकडी चौकटीचा माग घ्या आणि तो खिडकीपासून, विशेषतः खाडीकडच्या खिडकीपासून, लांब ठेवा.

आता फणीबद्दल, म्हणजे उभे धागे सारख्या अंतरावर ठेवणाऱ्या आणि आडवा धागा ठोकून बसवणाऱ्या दातेरी पट्टीबद्दल. हे मी भेटेल त्याला सांगते, तरी दरवर्षी कुणीतरी फणी गंजवतंच. देवगडकडची एक मुलगी बहिणीच्या लग्नासाठी पांढरं सुती कापड विणत होती. हात चांगला, ठोका एकसारखा. निम्मं विणून झालं आणि गणपती आले. ताणा तसाच ताणलेला, फणी धाग्यांत तशीच उभी, आणि ती घरच्या गडबडीत. विसर्जन करून परत मागावर बसली तेव्हा फणी जिथे टेकली होती तिथे पूर्ण पन्नाभर, म्हणजे कापडाच्या रुंदीभर, तपकिरी रेघ! लोखंडी फणीवर खारी हवा बसली की मीठ ओल धरून ठेवतं, गंज चढतो आणि धाग्यात उतरतो. कुणीतरी तिला लिंबू चोळायला सांगितलं. तिने मागावरच चोळलं. डाग फिका झाला, पण फणीच्या खरखरीत कडांनी आधीच घासले गेलेले धागे त्या चोळण्याने अजून पिंजले आणि पुढच्या ठोक्यांना तटातट तुटू लागले. 40 नंबरची फणी, म्हणजे 2 इंचांत 40 घरं, दातांमधल्या फटी. घरात दोन धागे, म्हणजे इंचाला 40. पन्ना 36 इंच. शेवटी तेवढा पट्टा कापून नव्या फणीतून 1440 धागे पुन्हा ओवून बांधावे लागले. आम्ही तिघी बसलो होतो, तरी मान वर करायला उसंत नव्हती.

माझी सवय सांगते. दोन दिवसांपेक्षा जास्त माग बंद राहणार असेल तर ताण सैल करायचा, फणी कोरड्या सुती फडक्याने घराघरातून पुसायची आणि तिच्या दोन्ही बाजूंना जुन्या धोतराचा तुकडा घालायचा. मागावर नसलेली फणी कापडात गुंडाळून चुलीवरच्या माळ्यावर ठेवायची. तिथे धग लागते, ओल धरत नाही. खोबरेल लावू नका, तेलाचे डाग पुढच्या ताण्यात उतरतात. परवडत असेल तर सरळ स्टेनलेस स्टीलची फणी घ्या. ‘आधी शिकून घेते, मग चांगली फणी घेते’ हा हिशेब मला मुळीच पटत नाही. नवशिक्याच्या हाती वाईट हत्यार दिलं की तो स्वतःच्या हातांना दोष देत बसतो.

दुसरी माझ्या डोक्यात जाणारी गोष्ट म्हणजे पावसाळ्यात ताण्याला पेजेची खळ, म्हणजे कांजी, लावणं. तांदळाची खळ चांगलीच असते, एकपदरी धाग्याला हवीच. पण श्रावणात ती वाळत नाही. वरून कोरडी लागते, आत ओलसर राहते आणि आठवड्यात ताण्यावर बुरशी धरते. बुरशी नको म्हणून खळीत मोरचूद (कॉपर सल्फेट) घालायची जुनी रीत आहे. पण मोरचूद विषारी आहे, आणि घरात पोरंबाळं असताना ती स्वयंपाकघरातल्या टोपात कालवणारी माणसं पाहिली की मला राग येतो. जून ते सप्टेंबर एकपदरी ताणा घेऊच नका. दोनपदरी सूत घ्या, 2/40 किंवा 2/60. त्यात दोन धागे एकत्र पिळलेले असतात, खळीवाचून चालतं. एकपदरीचं काम दिवाळीनंतर, उन्हं कडक झाली की.

सूत घेताना आकडा नीट वाचा. 840 यार्डांची एक लडी, आणि एका पौंडात जितक्या लड्या तितका सुताचा नंबर. 2/40 म्हणजे 40 नंबरचे दोन धागे एकत्र पिळलेले, म्हणून पौंडात लांबी 20 नंबरइतकीच, 16,800 यार्ड. 40 धरून हिशेब केलात तर ताणा निम्म्यातच संपतो.

ताणा गुंडाळायला एकट्याने बसू नका. एकाने ताण धरायचा, दुसऱ्याने गुंडाळायचं. आपल्याकडे विणणारी माणसं विखुरलेली, एक कुडाळात तर एक वेंगुर्ल्यात, म्हणून ‘जमवते कसंतरी’ म्हणतात. शेजारच्या काकूंना हाक मारा. विणता येत नसलं तरी दोरी सारख्या ओढीने धरणं त्यांना येतं.

धाग्यांचा क्रम राखणारी फुली, म्हणजे एकाआड एक धागे जिथे एकमेकांना छेदतात ती जागा, बांधल्याशिवाय ताणा काढू नका. एवढं एक विसरलात तर बाकी काहीच वाचत नाही.

कडा आत येत असतील तर बाण्याचा, म्हणजे आडवा, धागा सरळ न ओढता तिरपा सोडून मग ठोका. आडवा धागा वाहून नेणारा धोटा घाईने खेचणाऱ्यांचंच कापड अरुंद होतं.

लाल धागा पांढऱ्याशेजारी लावण्याआधी ओल्या पांढऱ्या फडक्यात रात्रभर गुंडाळून ठेवा. रंग सुटला तर तो काठाला नको.

आणि मागावर मोजलेली लांबी खरी धरू नका. ताण सुटला की कापड आखडतं, धुतलं की अजून. आधी 20 सेंटिमीटर विणा, कापा, धुवा, वाळवा, मोजा. 18 भरलं तर अडीच मीटरच्या उपरण्यासाठी पावणेतीन मीटरहून थोडं जास्त विणावं लागेल, दशांची, म्हणजे टोकाला सुट्या सोडलेल्या धाग्यांची, लांबी वेगळी.