पायऱ्यांवरचा बर्फ: शेवटी काय कामी आलं

अमेरिकेतल्या मिनियापोलिसला आमच्या दारापुढच्या पायऱ्यांवर रोज सकाळी काचेसारखा गुळगुळीत बर्फ. साधं मीठ टाकलं, पण उणे 10 सेल्सिअसच्या खाली ते जवळजवळ निकामीच. गरम पाणी ओतलं, तेही गोठलं. घरी आई आलेली, त्यामुळे जीव टांगणीला.

मूळ होतं पन्हळीत. दुपारी छतावरचं वितळलेलं पाणी पायऱ्यांच्या कडेला पडायचं आणि रात्री गोठायचं.

आधी पन्हळीच्या पाइपाला जोड लावून तोंड लॉनकडे वळवलं. आता बर्फ पडला की तुडवला जाण्याआधीच फावड्यानं काढतो. खाली चिकटून राहिलेल्या थरावर मूठभर कॅल्शियम क्लोराइड (बर्फ वितळवणारं दुसरं मीठ; हातमोजे घालूनच टाकायचं, उणे 20 लाही चालतं). थर सुटला की खरवडून टाकायचा, मग वर कोरडी वाळू. काँक्रीट नवं असेल तर नुसती वाळूच टाका. कुत्रा असेल तर आत येताना त्याचे पंजे धुवा.