पॉझिटिव्ह निघालात, घरी बसवलं, पगाराचं काय? ईएसआयचे पैसे कसे काढायचे

2021 ला दुसऱ्या लाटेत आमच्या वाळूजच्या कारखान्यातले, लाईनवरचे पाचसहा जण पॉझिटिव्ह निघाले, सुपरवायझर म्हणला घरी जा, 14 दिवस इकडं फिरकू नका, अन् पगार? बिनपगारी. मी पण त्यातलाच. लई उशिरा कळलं की दर महिन्याला ईएसआय, म्हणजे कामगारांचा सरकारी विमा, कटतंय ना, तिथनं पैसे मिळतेत.

आधी पगाराची स्लिप काढा. पगार 21,000 पर्यंत अन् 0.75 टक्के कटत असतील, म्हणजे 15,000 ला 113 रुपये, तर तुम्ही यात बसता. पण नुसतं कटून भागत नाही, सहा महिन्यांत किमान 78 दिवस भरलेले पाहिजेत, अन् एप्रिल ते सप्टेंबर भरले तर हक्क पुढच्या जानेवारी ते जूनमधी लागतो. म्हणून नवीन लागलेल्या पोराला पहिले 9 महिने पैसे नाहीत, दवाखाना तेवढा पहिल्या दिवसापासून.

आता खरी मेख. मी गल्लीतल्या डॉक्टरची चिठ्ठी घेऊन निवांत झोपलो, ती काही चालली नाही. दाखला ईएसआयच्याच डॉक्टरचा लागतो, पहिला, मग मधला, शेवटी फिटनेसचा, अन् तारखांमधी फट पडली की तेवढ्या दिवसांचे पैसे अडकले म्हणून समजा. स्वतः जाता येत नसंल तर पहिल्याच दिवशी घरच्या कुणाला तरी ईएसआयच्या दवाखान्यात पाठवून विचारून घ्या. मग दाखले, फॉर्म 9 अन् पासबुकची झेरॉक्स ईएसआयच्या शाखा कार्यालयात द्या, पैसे खात्यात येतेत.

किती? सरासरी रोजाच्या 70 टक्के, वर्षाला 91 दिवसांपर्यंत. रोज 500 पडत असंल तर 350, पण पहिले दोन दिवस धरत नाहीत, म्हणजे 14 दिवसांचे 4,200. त्या दिवसांत दुसरीकडं कामाला जाऊ नका. हे पैसे चालू असताना मालकाला कामावरून काढता पण येत नाही, हे कुणी सांगतच नाही.

पीएफमधून कोरोनाची उचल मिळायची ती जून 2024 मधी बंद झाली, अन् ते तसेही आपलेच पैसे. आमच्या बीडकडच्या ऊसतोडवाल्यांना तर ईएसआयच नाही, त्यांनी कोपीत, म्हणजे फडावरच्या झोपडीत, आयसोलेट कसं व्हायचं देव जाणे.

ठेकेदाराकडं असाल तर 10 आकडी इन्शुरन्स नंबर आजच मागून घ्या. आमच्या एकानं आजारी पडल्यावर मागितला, तर त्यावर नाव दुसऱ्याचंच.