रात्रीच्या फोटोत हिरवे ठिपके आणि रेघा का येतात, आणि त्या घालवायच्या कशा

दिवाळीत कंदिलाचा, लाइटिंगच्या माळेचा फोटो काढला की त्यात हिरवट ठिपके येतात, नाहीतर दिव्यातून लांब रेघ निघते, आणि घरातले लगेच म्हणतात कॅमेरा गेला. गेलेला नसतो. दिव्याभोवती नक्षी कसली आलीय ते नीट बघा, त्यावरूनच कारण कळतं.

एकच लांब सरळ रेघ असेल तर लेन्सवर तेलकट बोट लागलंय. आपण फोन शर्टाला वरून खाली पुसतो ना, तेव्हा तेलाच्या बारीक उभ्या रेषा काचेवर राहतात आणि प्रकाश त्यांच्या काटकोनात पसरतो, म्हणून फोटोत रेघ आडवी येते. मुद्दाम आडवं पुसून परत फोटो काढा, आता रेघ उभी दिसेल! मग तोंडाची वाफ द्या आणि चष्म्याच्या कापडाने तेल पूर्ण निघेपर्यंत पुसा.

ठिपक्यांचं मात्र पुसून काही होत नाही. मोबाईलच्या लेन्समध्येसुद्धा एकामागे एक बरीच भिंगं असतात, साध्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून साधारण ४ टक्के प्रकाश मागे फिरतो, भिंगांवरच्या पातळ लेपामुळे, म्हणजे कोटिंगमुळे, तो खूप कमी होतो पण शून्य होत नाही. तेवढा उरलेला प्रकाश आतल्या आत टप्पे खात सेन्सरवर, म्हणजे फोटो टिपणाऱ्या चिपवर, परत पडतो, आणि काळ्या आकाशावर तो लगेच उठून दिसतो. ओळखायची खूण सांगतो, दिवा वर डावीकडे असेल तर ठिपका खाली उजवीकडे, फोटोच्या मध्यातून बरोबर समोर. झूम करून बघा, माळेचा आकार तिथे चक्क उलटा उमटलेला असतो.

उपाय सोपाय, दिवा फ्रेमच्या मधोमध घ्या, ठिपका दिव्यावरच जाऊन बसतो आणि दिसेनासा होतो. ते जमत नसेल तर दिवा खांबाआड अर्धा लपवा, किंवा दोन पावलं सरकून ठिपका एखाद्या उजळ भिंतीवर न्या. दिव्यावर टॅप करून ब्राइटनेस खाली ओढला तरी बराच फरक पडतो, नाइट मोड अंधार उजळवतो त्यामुळे ठिपकेही जास्त दिसतात, तो बंद करून एक काढून बघाच. स्ट्रीटलाइट फ्रेमच्या बाहेर असून सगळा फोटो पांढुरका होत असेल तर लेन्सच्या कडेला तळहाताचा आडोसा धरा.

मोठा कॅमेरा असेल तर रात्री लेन्सपुढे लावलेला यूव्ही फिल्टर काढूनच ठेवा, ती सपाट काच माळेतल्या प्रत्येक दिव्याचं भूत, म्हणजे असाच खोटा ठिपका, तयार करते. दिव्याभोवती चांदणी येते ती वेगळी, मला स्वतःला फार आवडते. ती अ‍ॅपर्चरच्या, म्हणजे लेन्समधल्या प्रकाश आत सोडणाऱ्या छिद्राच्या, पात्यांमुळे येते, ६ पाती असतील तर ६ टोकं, ७ असतील तर १४. छिद्र बारीक असताना, म्हणजे एफ/१६ ला, ठसठशीत येते, नको असेल तर छिद्र मोठं करून एफ/४ वर या.