वैशाखाच्या उन्हात कळपातल्या नराचे वृषण सांभाळा

आटपाडीच्या बाजारात माडग्याळ जातीच्या मेंढ्याचा, म्हणजे नराचा, सौदा होताना आधी नाक बघतात. राघूच्या चोचीसारखं बाकदार नाक असलं की पैसे मोजताना कुणी मागंपुढं बघत नाही. मागच्या पायांत हात घालून वृषण चाचपणारे मात्र थोडेच, आणि याची मला खरंच हळहळ वाटते.

जून-जुलैत मेंढ्या फळवायच्या असतील तर नराची काळजी एप्रिलपासूनच घ्या. वृषणात शुक्राणू तयार व्हायला सुमारे ४७ दिवस लागतात, पुढं वृषणाला चिकटलेल्या अधिवृषणाच्या नळीत पक्व व्हायला आणखी १० ते १४ दिवस. आज लागलेल्या उन्हाचं नुकसान पावसाच्या तोंडावर दिसतं.

मेंढरांच्या शरीराचं तापमान ३९ अंश सेल्सिअसच्या आसपास असतं. वृषणाला त्याहून ४-५ अंश गारवा लागतो, म्हणून ते पोटाबाहेर पिशवीत लोंबतात. पिशवीच्या मानेत धमनीची वेटोळी असतात, भोवती शिरांचं जाळं. वर जाणारं गार रक्त खाली येणाऱ्या रक्ताची धग काढून घेतं. जत-माणच्या तापल्या माळावर भर दुपारी ही सोय अपुरी पडते.

इथंच फसायला होतं. उन्हाचा मार बसलेला नरही पूर्वीसारखाच चढतो, कारण कामेच्छा जागवणारं संप्रेरक सहसा चालूच राहतं. वीर्यातलं पाणी शुक्राशय, प्रोस्टेट आणि काउपर ग्रंथींतून येतं. त्या शरीरात आत असतात. त्यामुळं वीर्य पडतं, पण त्यातले शुक्राणू कमी किंवा मेलेले. मग मेंढ्या उलटल्या, म्हणजे गाभण न राहता पुन्हा माजावर आल्या, की दोष त्या बिचाऱ्यांना.

दुपारी ११ ते ४ नर लिंबाच्या दाट सावलीत बांधा, पाणी कायम समोर ठेवा. पिशवीवरची लोकर जपून कातरा. रोज पावशेर मका आणि थोडा हिरवा चारा द्या.

चाचपताना दोन्ही गोळ्या सारख्या, घट्ट आणि लवचीक लागल्या पाहिजेत. एकच गोळी उतरलेला नर पैदाशीला ठेवू नका, हा दोष पिलांत उतरतो. गाठ, सूज किंवा दुखरेपणा असेल तर नर वेगळा काढून डॉक्टरांना दाखवा. वृषण सुजवणारा ब्रुसेलोसिस हा आजार माणसालाही होतो, म्हणून हातमोजे घाला.

२५-३० मेंढ्यांना एक नर पुरे. सोडताना त्याच्या छातीला तेलात कालवलेला गेरू लावा, मेंढीचा माज साधारण १७ दिवसांनी परततो, म्हणून तेवढ्या दिवसांनी रंग बदला. आधी रंगलेल्या बऱ्याच मेंढ्यांच्या पाठीवर नवा रंग दिसला तर नर लगेच बदला आणि जुन्याचं वीर्य तपासून घ्या.