अठरा मिनिटांच्या मेटल गाण्यावर नीट भांडावं कसं

आमच्या कंपूत २०१५ पासून एक भांडण चालू आहे. आयर्न मेडन या इंग्लिश हेवी मेटल बँडचं 'एम्पायर ऑफ द क्लाउड्स' थोर आहे, की नुसतंच लांब? गाणं १८ मिनिटांचं. भांडण नागपुरातल्या फुटाळा तलावाच्या काठावर सुरू झालं, तिथून धरमपेठेतल्या टपरीवर गेलं, एकदा तर लग्नाच्या पंगतीतही निघालं. पहिली काही वर्षं त्यातून काडीचं निष्पन्न झालं नाही. एक म्हणायचा, "तुले कळलंच नाही बे." दुसरा म्हणायचा, "कळण्यासारखं काही असन तं कळन ना!" संपलं. पुढे ठेचा खात एक पद्धत बसली, ती इथे देतो. बहुतेक लांबलचक गाण्यांना चालते.

आधी अख्खं ऐका, आणि एकत्र ऐका

हे सांगायची गरज पडू नये, पण पडते. पहिल्या वर्षी तावातावाने बोलणाऱ्यांपैकी निम्म्यांनी गाणं एका बैठकीत ऐकलंच नव्हतं. त्यात मीही होतो. थोडं सिटी बसमध्ये, थोडं अंघोळीचं पाणी तापेपर्यंत, आणि शेवट कधीतरी. अशा तुकड्यांवर मत बनवणं म्हणजे रात्रभर चालणाऱ्या झाडीपट्टीच्या नाटकाला मध्यरात्री तासभर डोकावून नाटक पडलं म्हणून सांगण्यासारखं आहे.

वेळ रविवारी सकाळची धरा. आणि नागपुरात राहता, तेव्हा ऋतू बघा. पहिल्यांदा आम्ही बसलो ते मे महिन्यात, दुपारी. हे गाणं पियानोवर सुरू होतं, बराच वेळ सगळं हळुवार चालतं. कूलरच्या घरघरीत तो पियानो पार बुडाला. कूलर बंद केला तर पाचव्या मिनिटाला सगळे उठून शर्ट काढायला लागले. तेव्हापासून ही बैठक दिवाळीनंतर ते होळीच्या आतच होते.

स्पीकर बरा हवा. फोनच्या स्पीकरवर बेस, म्हणजे खर्जातला आवाज, मेलेलाच असतो, आणि आयर्न मेडनमध्ये बेस गिटार म्हणजे स्टीव्ह हॅरिस. बँडचा संस्थापक तोच. त्याचा बेस ऐकू न येता या बँडवर मत देणं म्हणजे तर्री न घेता तर्री पोह्यांवर मत देणं. सगळ्यांचे फोन एका स्टीलच्या डब्यात टाका आणि डबा आतल्या खोलीत ठेवा. ज्याचा फोन वाजेल, त्याने नंतरच्या नाश्त्याचे पैसे द्यायचे.

गोष्ट आधी सांगून टाका

लांब मेटल गाणं बहुतेकदा गोष्ट सांगतं, आणि इंग्रजी शब्द गिटारींच्या गर्दीत सगळ्यांना पकडता येत नाहीत. म्हणून एकाने पाच मिनिटांत गोष्ट सांगायची. रहस्य फुटेल म्हणून घाबरू नका. कीर्तनाला जाणाऱ्याला आख्यानाचा शेवट माहीतच असतो.

'एम्पायर'ची गोष्ट आर-१०१ या ब्रिटिश हवाई जहाजाची. विमान नव्हे, हायड्रोजन भरलेली अवाढव्य वायुनौका. ४ ऑक्टोबर १९३० च्या संध्याकाळी ती इंग्लंडमधल्या कार्डिंग्टनहून निघाली आणि रात्री दोननंतर फ्रान्समध्ये बोव्हे गावाजवळ कोसळून पेटली. आतल्या ५४ जणांपैकी ४८ गेले. त्यांत ब्रिटनचे हवाई खात्याचे मंत्री लॉर्ड थॉमसनही होते. ती निघाली होती कुठे? इजिप्तमार्गे कराचीला, म्हणजे तेव्हाच्या हिंदुस्थानात. एवढं ऐकल्यावर आमच्यातला मेटलचा कंटाळा असलेला मावसभाऊसुद्धा सरसावून बसला. "म्हंजे आपल्याइकडेच येऊन राहिले होते का?" हो, आपल्याकडेच.

गाणं लिहिलं गायक ब्रूस डिकिन्सनने, त्यातला पियानोही त्याचाच. हा माणूस प्रवासी विमानं चालवणारा वैमानिक. २००८ च्या दौऱ्यात बँडचं बोईंग ७५७ तो स्वतः उडवत होता. हे सांगितलं की विषयाची निवड कळते. गाण्याची बाजू मात्र त्याने वरचढ होत नाही, हेही तिथेच सांगून टाका.

कागद, पेन्सिल आणि एक घड्याळ

ही युक्ती एका ड्रम वाजवणाऱ्या मित्राची. प्रत्येकाने कागदावर फक्त मिनिटं लिहायची: लक्ष उडालं तिथे फुली, अंगावर काटा आला तिथे टिंब. शब्द नाहीत, शेरे नाहीत. घड्याळ सगळ्यांना दिसेल असं मध्ये ठेवा. नंतर कागद शेजारी-शेजारी मांडले की निम्मं भांडण आपोआप विरघळतं, कारण थोर म्हणणाऱ्याच्या कागदावरही फुल्या निघतात. आमच्याकडे बहुतेकांच्या फुल्या मधल्या लांब वादनात पडल्या आणि टिंबं सुरुवातीच्या व शेवटच्या पियानोजवळ.

आता कात्री द्या

खरी मजा इथे आहे, म्हणून इथे वेळ काढा. 'गाणं लांब आहे' असं म्हणणाऱ्याला विचारा: कुठलं मिनिट कापू? आणि ते कापलं तर काय तुटेल? 'थोर आहे' म्हणणाऱ्याने तेच मिनिट वाचवून दाखवायचं. सबंध गाण्यावर बोलायची मुभा कोणालाच नाही.

आमच्याकडे कात्री मधल्या वादनावरच चालली. कापणाऱ्याचं म्हणणं: तीन गिटारी आहेत म्हणून तिघांनाही पाळी द्यायची, असं ते वाटतं. वाचवणाऱ्याचं म्हणणं: जहाज रात्रभर वाऱ्याशी झुंजतंय, ती झुंज अर्ध्या मिनिटात उरकली तर शेवटच्या पियानोला वजन येणारच नाही. दोघंही बरोबर आहेत. माझं मत विचाराल, तर झुंज हवीच, पण त्यातल्या काही सुरावटी साध्या आहेत आणि फिरून फिरून येतात. दोन मिनिटं गेली असती तर चाललं असतं.

तुलनेला याच बँडचं 'राइम ऑफ द एन्शंट मरिनर' लावा. १९८४ चं, साडेतेरा मिनिटांहून थोडं मोठं. इंग्रज कवी कोलरिजच्या १७९८ मधल्या कवितेवर बेतलेलं. 'एम्पायर' येईपर्यंत ३१ वर्षं बँडचं सर्वांत लांब गाणं हेच होतं. त्यातही मध्ये सगळं थंडावतं, जहाजाची लाकडं करकरतात, कवितेच्या ओळी नुसत्या बोलल्या जातात. कात्रीवाल्याला म्हणा, हे काप. आमच्या कात्रीवाल्याने दोनदा प्रयत्न केला. वारा पडलाय, जहाज समुद्रात अडकलंय, माणसं तहानेने मरताहेत. गाणं थांबलंय कारण जहाज थांबलंय. ते कापलं की पुढची उसळी फुकट जाते. त्याने कात्री खाली ठेवली.

मात्र सगळ्या लांब गाण्यांना हाच गज लावू नका. ड्रीम थिएटर या बँडचं १९९५ चं 'अ चेंज ऑफ सीझन्स' २३ मिनिटांचं आणि सात भागांचं, तिथे भागाभागाने भांडावं लागतं. स्लीप या बँडचं 'डोपस्मोकर' तर तासाभराहून जास्त चालतं. तिथे तोचतोचपणा हाच मुद्दा आहे, कात्री घेऊन गेलात तर हातात काही उरणार नाही.

काय बोलायचं नाही

"खरा मेटलवाला असशील तर..." बाद. "बडा ख्यालही तासभर चालतो" हेही बाद. ख्याल गायक जागेवर फुलवत जातो, इथे प्रत्येक सूर आधी ठरलेला आहे. आणि "मी लाइव्ह ऐकलंय" हे तर मुळीच नाही. आमच्यातला एक भाऊ १ फेब्रुवारी २००८ ला मुंबईच्या कार्यक्रमासाठी विदर्भ एक्स्प्रेसने गेला होता, तिथे त्याने 'राइम' प्रत्यक्ष ऐकलं. हेवा वाटतो, कबूल. पण 'एम्पायर'बद्दल त्याने काय सिद्ध होतं?

एक बाहेरचा माणूस बोलवा

शक्यतो घरातला मोठा, ज्याला या संगीताशी देणंघेणं नाही. आम्ही यजमान मित्राच्या बाबांना बसवलं. काका कीर्तनाचे जुने श्रोते. डोळे मिटून पूर्ण १८ मिनिटं ऐकलं आणि म्हणाले, "पूर्वरंग झकास आहे. आख्यानही रंगलं. पण मधात बुवा बाजूले उभा राहते अन् पेटीवाला-तबलेवालाच वाजवत बसते." दहा वर्षांत आमच्यापैकी कोणालाही हे इतक्या थोडक्यात सांगता आलं नव्हतं. कात्रीवाला उठून त्यांच्या पाया पडला.

नाश्ता नंतरच आणा. तर्रीवर हात पडला की कोणी पियानो ऐकत नाही. मागच्या बैठकीत डब्यातून वाजलेला फोन माझाच निघाला, तोही मधल्या वादनात. येताना सांभार, म्हणजे कोथिंबीर, आणशील का, असं घरून विचारणं होतं. सहा प्लेट पोहे माझ्याकडून गेले, वरून जास्तीची तर्री. थोरवाला खाता खाता म्हणाला, "पाह्यलं? हे दोन मिनिटं कापले असते तं तुह्या फोनले वाजाले जागाच नसती भेटली."