गाडी रस्त्यात बंद पडली तर…

गोव्यात 'रोडसाइड असिस्टन्स' (रस्त्यात गाडी बंद पडली तर मदत पाठवणारी सेवा) वेगळं विकत घेण्याआधी घरातले कागद काढा. नव्या गाडीला कंपनीकडून ही सेवा बहुतेक वेळा मिळालेली असते, फक्त तिची मुदत आपण विसरतो. मुदत संपली असेल तर विम्याच्या नूतनीकरणावेळी ती ॲड-ऑन, म्हणजे जादा पैसे भरून जोडलेली सेवा, म्हणून घ्या. सहसा काही शे रुपयांतच काम होतं. नुसता थर्ड पार्टी विमा (फक्त दुसऱ्याच्या नुकसानीची भरपाई देणारा) असेल तर मात्र हे ॲड-ऑन सहसा मिळत नाही.

किमतीपेक्षा अटी बघा. सगळ्यात महत्त्वाची अट टोइंगची, म्हणजे गाडी ओढून नेण्याची: किती किलोमीटरपर्यंत फुकट, आणि पुढे दर किलोमीटरला किती? चोर्ला घाटात गाडी बंद पडली तर पणजीचं गॅरेज जवळ नाही. दहा-वीस किलोमीटरची मर्यादा साखळी शहराच्या आसपासच संपेल. गाडी ऑटोमॅटिक किंवा इलेक्ट्रिक असेल तर फ्लॅटबेड (अख्खी गाडी वर चढवून नेणारा ट्रक) मिळेल का, तेही विचारा. चाकं रस्त्यावर फिरत ठेवून ओढली तर गिअरबॉक्स किंवा मोटर बिघडू शकते. सेवा वर्षातून किती वेळा मिळते आणि राज्याबाहेर, म्हणजे बेळगाव-सावंतवाडीकडे चालते का, हेही बघा.

पैसे भरण्याआधी त्यांच्या हेल्पलाइनला एक फोन कराच. "काणकोणला रात्री अकरा वाजता गाडी बंद पडली तर कोण येणार?" असं सरळ विचारा. जो गोलमोल बोलेल, त्याची पॉलिसी घेऊ नका.

हेल्पलाइनचा नंबर कागदावर लिहून डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवा, घाटात इंटरनेट गेलं तर तो शोधता येणार नाही. राष्ट्रीय महामार्गावर असाल तर 1033 वरही मदत मागता येते.