एरोनॉटिकल सोसायटीची शाखा चालवायला घेताय? आधी बँकेत जाऊन या

शाखेच्या सचिवपदी नाव लागलं की पहिल्याच आठवड्यात दहा जण वक्त्यांची नावं सुचवतात, कुणीतरी नवा लोगो करून आणतं आणि आणखी एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप निघतो. हे सगळं थोडं थांबू द्या. आधी तीन कागद मागून घ्या: बँकेच्या खात्यावर आज कुणाच्या सह्या चालतात त्याचा, शेवटच्या तपासलेल्या हिशेबाचा आणि मुख्यालयाला गेलेल्या सभासद यादीचा. तिन्ही मिळाले तर नशीब चांगलं. एकही मिळाला नाही तरी घाबरू नका, कित्येक शाखांची गाडी तिथूनच सुरू होते.

पुढचं सगळं एरोनॉटिकल सोसायटी ऑफ इंडियासारखी विमानविद्येतली जुनी संस्था आणि पुणे, नाशिक, नागपूर अशा शहरातली तिची शाखा धरून लिहिलं आहे. सोसायटी १९४८ची, मुख्यालय दिल्लीला. कॉलेजातल्या विद्यार्थी शाखेलाही यातलं बहुतेक लागू पडतं.

नव्या कार्यकारिणीला एक गोष्ट कुणीच नीट सांगत नाही. शाखा ही स्वतंत्र संस्था नसते. नोंदणी मूळ संस्थेची, पॅन मूळ संस्थेचा, आयकरातली सवलत असेल तर तीही तिचीच. रेशनकार्ड घरच्या नावाचं, त्यावर आपलं फक्त नाव, असा हा प्रकार. वेगळा लोगो करा, फेसबुक पान काढा, हरकत नाही. पैसा आला की मात्र तो दिल्लीच्या पॅनवर आलेला असतो आणि ३१ मार्चला तुमचा हिशेब त्यांच्या ताळेबंदात जातो.

खरा सापळा इथेच आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

एकदिवसीय परिसंवाद ठरतो. १२० जणांची नोंदणी, माणशी ३०० रुपये. शाखेचं खातं जुन्या सह्यांमुळे अडकलेलं असतं आणि पोस्टर उद्या जायचं असतं. मग खजिनदार म्हणतो, "माझाच क्यूआर टाका, नंतर वळते करू." ३६,००० रुपये त्याच्या बचत खात्यात जमा होतात. इथवर निदान हिशेब लावता येतो. मग एखादी कंपनी ५०,००० रुपये प्रायोजकत्व द्यायला तयार होते. तिचा अकाउंट्स विभाग बिल, बँकेचा तपशील आणि पॅन मागतो. पैसे लवकर यावेत म्हणून खजिनदार स्वतःचाच पॅन देऊन टाकतो. प्रायोजकत्वही ठेक्याच्या रकमेतच धरतात, आणि ठेकेदाराला एकरकमी ३०,०००च्या वर द्यायचे असतील तर कंपनी टीडीएस कापते. व्यक्तीचा पॅन असेल तर एक टक्का, संस्थेचा असेल तर दोन. पॅनच दिला नाही तर वीस टक्के. कापलेली रक्कम ज्याचा पॅन त्याच्या नावावरच्या आयकर खात्याच्या नोंदीत दिसते, आणि त्याबरोबर हे ५०,००० त्याचं उत्पन्न म्हणूनही दिसतात. जुलैत तो विवरणपत्र भरायला बसतो तेव्हा पगाराखाली ही रक्कम उभी असते. ती आपली नाही हे दाखवायला ठराव, पावती, मुख्यालयाचं पत्र असं काहीच जवळ नसतं. कंपनीने दुरुस्तीचं टीडीएस विवरण भरलं तर हे सुटतं, पण पाच-सहाशे रुपयांसाठी मोठ्या कंपनीचा अकाउंट्स विभाग हलवणं म्हणजे काय असतं, ते ज्याने करून बघितलंय त्यालाच विचारा.

दुसरी बाजू जीएसटीची. "आपली उलाढाल केवढीशी, वीस लाखांची मर्यादा आपल्याला कुठे लागणार?" हे वाक्य दरवर्षी ऐकू येतं आणि दरवर्षी चुकीचंच असतं. उलाढाल एका पॅनवरची, देशभरातली सगळी मिळून मोजतात. परिसंवादाची फी ही सेवेची किंमत धरली जाते. प्रायोजकाचा लोगो पडद्यावर झळकला की ती देणगी राहत नाही. म्हणून पोस्टर छापायच्या आधी मुख्यालयाला एक मेल टाका: अमुक कार्यक्रम, अमुक फी, अमुक प्रायोजक, बिल कुणी काढायचं, कोणत्या जीएसटी नंबरावर? उत्तर येईपर्यंत फी घेऊ नका. उत्तराला तीन आठवडे लागतात असं धरूनच तारीख ठरवा.

वैयक्तिक क्यूआरचा तिसरा धोका फार कमी लोकांना माहीत असतो. पैसे भरणाऱ्यांपैकी एकाचीही रक्कम एखाद्या सायबर तक्रारीच्या साखळीतून आलेली निघाली, तर बँक त्या खात्यावर होल्ड लावते. खजिनदाराच्या घराचा हप्ता त्याच खात्यातून जात असेल तर पुढचं सांगायला नको. 'दोन दिवसांचा तर प्रश्न आहे' असं म्हणणाऱ्याला त्याचा स्वतःचा क्यूआर द्यायला सांगा.

उपाय कंटाळवाणा आहे पण अवघड नाही. शाखेच्या कार्यकारिणीचा ठराव, मुख्यालयाचं संमतिपत्र, संस्थेच्या नोंदणीची आणि पॅनची प्रत, सही करणाऱ्यांची केवायसी, रबरी शिक्का एवढं घेऊन बँकेत जा. सह्यांचे अधिकार तिघांना, त्यातल्या कुणाही दोघांच्या सहीने चेक वटेल अशी सोय. तिघांपैकी एक जण शहर न सोडणारा हवा. विद्यार्थी शाखेत हा माणूस म्हणजे प्राध्यापक, शहर शाखेत निवृत्त सभासद. तिघांची मुदत एकाच वर्षी संपू देऊ नका, नाहीतर जूनमध्ये तिघेही नोकरीला बाहेरगावी आणि चेकबुक एका सुटकेसमध्ये. दोन वर्षं खात्यावर ग्राहकाकडून काहीच व्यवहार झाला नाही तर बँक खातं निष्क्रिय धरते आणि पुन्हा सगळी केवायसी मागते. तेव्हा वर्षातून दोन-तीन छोटे चेक तरी फाडा, चहावाल्याचे का असेनात.

हे वाचून कुणी राजीनामा लिहायला बसलं असेल तर थांबा. चांगल्या शाखेला फार पैसा लागतच नाही. वर्षाला सहा व्याख्यानं, एक कारखाना-भेट आणि शाळकरी मुलांसाठी एक दिवस, एवढं नेमाने झालं तरी शाखा उत्तम चाललीय असं समजा. कॉलेजचं सभागृह फुकट मिळतं, खर्च म्हणजे चहा, वडा आणि वक्त्याची गाडी. मोठी परिषद, ट्रॉफ्या, 'राष्ट्रीय' हा शब्द हे सगळं तिसऱ्या वर्षी.

व्याख्यानाचं गणित वक्ता नोकरीत आहे की निवृत्त, यावर ठरतं. डीआरडीओ, इस्रो, एचएएलमधल्या नोकरीतल्या माणसाला बाहेर बोलायला वरिष्ठांची परवानगी लागते, कधी स्लाइडसुद्धा तपासून घ्याव्या लागतात. निमंत्रण त्याच्या विभागप्रमुखाच्या नावे, संस्थेच्या लेटरहेडवर, सहा ते आठ आठवडे आधी पाठवा. विषय नेमका लिहा. 'भारतीय लढाऊ विमानं' असं लिहिलंत तर फाइल टेबलावरून हलत नाही. 'पंख्याच्या पात्यांची थकवा चाचणी: तत्त्व आणि पद्धत' असं लिहिलं तर हलते. परवानगी हातात येण्याआधी पोस्टरवर नाव टाकू नका, नाहीतर त्याच्यावर खुलासा द्यायची वेळ येते आणि तो पुन्हा तुमच्याकडे फिरकत नाही. रेकॉर्डिंगचं आधी विचारा. 'नाही' म्हणाले तर मागच्या रांगेतले मोबाइलही बंद करायला लावा.

आपल्याकडचा एक स्वतंत्र आजार म्हणजे सत्कार. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, शाल-श्रीफळ, प्रमुख पाहुण्यांचा परिचय, परिचय करून देणाऱ्याचा परिचय. साडेपाचच्या कार्यक्रमात वक्ता सव्वासहाला उभा राहतो आणि सातला त्याची नाशिकजवळच्या ओझरची बस सुटते. सगळं मिळून सात मिनिटं, घड्याळ लावून. ज्यांना राग येईल त्यांना येऊ द्या.

महाराष्ट्रात डिसेंबर जवळ आला की आणखी एक फोन हमखास येतो. १७ डिसेंबर १९०३ला राइट बंधू उडाले, मग १८९५ साली गिरगाव चौपाटीवर शिवकर बापूजी तळपद्यांनी विमान उडवलं म्हणतात त्यावर व्याख्यान का नको? ठेवा, जरूर ठेवा, पण उत्सव म्हणून नको. त्या उड्डाणाला समकालीन ठोस पुरावा मिळालेला नाही. अशा दाव्यांसोबत ज्या 'वैमानिकशास्त्र' ग्रंथाचा दाखला देतात, त्याची तपासणी बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या पाच अभ्यासकांनी १९७४ साली केली. ग्रंथ विसाव्या शतकातला आहे आणि त्यातली यंत्रं उडू शकत नाहीत, असा त्यांचा निष्कर्ष होता. तळपद्यांची जिज्ञासा आणि हा अभ्यास शेजारी शेजारी ठेवून बोलणारा वक्ता मिळाला तर सभागृह भरतं आणि शाखेची अब्रूही राहते. नुसतं गौरवगान झालं तर पुढच्या वेळी प्रयोगशाळेतला एकही माणूस तुमच्या व्यासपीठावर यायचा नाही.

कारखाना-भेट म्हटलं की सगळ्यांना एचएएलचं ओझर हवं, जिथे सुखोई-३० एमकेआय ही लढाऊ विमानं जुळवली गेली. अर्ज संस्थेकडून, दोन महिने आधी. तुकडी तीस-चाळीसच्या वर नको. यादीत ओळखपत्रावर आहे तसंच नाव, नंबर, पत्ता. एक नाव बदललं की यादी पहिल्यापासून फिरते, म्हणून 'शेवटच्या क्षणी येतो' म्हणणाऱ्या मित्रांना नावच देऊ नका. परदेशी नागरिक आणि ओसीआय कार्डवाले यांची परवानगी वेगळी असते आणि बरीच लांबते. फोन, स्मार्टवॉच, पेनड्राइव्ह बसमध्येच. बंद बूट सक्तीचे. चपलेत आलेल्या मुलाला फाटकावर थांबावं लागतं, तेव्हा आदल्या रात्रीच ग्रुपवर बुटाचा फोटो टाका.

शाळकरी मुलांसाठी ड्रोन दाखवायचा मोह आवरा. लोहगाव, ओझर, सोनेगाव या विमानतळांभोवतीचा मोठा पट्टा ड्रोनवर निर्बंध असलेल्या लाल-पिवळ्या विभागात मोडतो. ड्रोन नियम २०२१प्रमाणे २५० ग्रॅमपर्यंतच्या नॅनोला परवाना लागत नसला तरी लाल विभागात तोही मनाला येईल तसा उडवता येत नाही. आधी 'डिजिटल स्काय' या सरकारी संकेतस्थळावरचा नकाशा बघा, मग मैदान ठरवा. त्यापेक्षा पाण्याचं रॉकेट कितीतरी बरं. दोन लिटरची कोल्ड्रिंकची बाटली घ्या, साध्या पाण्याची नको, ती पातळ असते. एक तृतीयांश पाणी भरा, मीटरवाल्या पंपाने ४ बारपर्यंत हवा भरा, त्यापुढे नाही. दहा मीटर लांबून दोरीने सोडा, डोळ्यांना गॉगल हवाच. बाटलीवर पांढऱ्या रेघा दिसल्या की ती फेकून द्या. हातफेकीच्या ग्लायडरसाठी बाल्सा महाग पडतं, थर्माकोलच्या ताटल्या २०१८च्या बंदीपासून नाहीत, तेव्हा ३ मिमीची फोमशीट घ्या. तोल पंखाच्या रुंदीच्या पुढून एक तृतीयांशावर यायला हवा. नाक वर करून पडत असेल तर पुढे प्लॅस्टिसिन वाढवा, सरळ सूर मारत असेल तर काढा. साठ मुलांना यातून जे कळतं ते तासभराच्या स्लाइडमधून कळत नाही.

सभासद वाढवायला प्रमाणपत्रं वाटू नका. 'वेबिनार करा, ई-सर्टिफिकेट मिळवा' याने दोनशे नावं येतात आणि पुढच्या महिन्यात दोनजण. विद्यार्थी दोन प्रश्न हमखास विचारतील. सभासद झालं की विमान दुरुस्तीचं लायसन्स मिळतं का? नाही. एएमईचं, म्हणजे विमान देखभाल अभियंत्याचं, लायसन्स नागरी विमान वाहतुकीचं सरकारी नियामक खातं डीजीसीए देतं, त्यांच्या सीएआर-६६ या नियमाप्रमाणे, त्याचा सोसायटीशी संबंध नाही. सोसायटीची परीक्षा डिग्रीच्या बरोबरीची आहे का? याचं तोंडी उत्तर शाखेने कधीच देऊ नये. मुख्यालयाकडे लेखी विचारायला सांगा. कुणाच्या करिअरचा प्रश्न असतो तो.

मार्गदर्शकाबद्दल एक ठाम मत. संचालक, कुलगुरू ही नावं लेटरहेडवर ठेवा, पण काम शिकायला विमान कारखान्यातून नुकताच निवृत्त झालेला शॉप मॅनेजर पकडा. गेटपास कोण देतं, कोणत्या बाबूकडे फाइल अडते, हे त्याला पाठ असतं. आणि त्याच्याकडे वेळ असतो.

अमेरिकेत एआयएए या तिथल्या विमान-अंतराळ अभियंत्यांच्या संस्थेच्या सेक्शनमध्ये, म्हणजे शहर शाखेत, किंवा विद्यापीठातल्या विद्यार्थी शाखेत काम करणारी बरीच मराठी मुलं आहेत. ती संस्था १९६३ची, दोन जुन्या संस्था एकत्र येऊन झालेली. तिथे बँकेचा जाच कमी, आयटारचा, म्हणजे संरक्षण तंत्रज्ञान परक्यांच्या हाती जाऊ न देणाऱ्या अमेरिकी नियमांचा, जास्त. संरक्षण कंपनीच्या भेटीत अमेरिकन नागरिक, ग्रीनकार्डधारक आणि आश्रय मिळालेले यांनाच सरसकट आत घेतात. एफ-१ (विद्यार्थी) किंवा एच-१बी (नोकरी) व्हिसावाला सचिव सगळी भेट जुळवतो आणि फाटकाबाहेर गाडीत बसून राहतो. म्हणून वर्षाच्या कार्यक्रमात निदान एक भेट अशा ठिकाणी ठेवा जिथे सगळ्यांना जाता येईल: विद्यापीठाचा वारा-बोगदा (विंड टनेल), विमान संग्रहालय, नागरी विमानतळाचं हँगर.

पदं बदलताना फुलं देण्याआधी सह्या बदला. जुने-नवे दोघेही बँकेत एकत्र जाणार, हा ठरावच करून ठेवा. शाखेचा मेल पदाच्या नावाने काढा, माणसाच्या नाही, आणि त्यावरचा रिकव्हरी नंबर त्याच दिवशी, दोघं समोरासमोर असताना बदला. नाहीतर पुढचं वर्षभर ओटीपी हैदराबादला नोकरी करणाऱ्या माजी सचिवाच्या फोनवर जातो, आणि तो नेमका शिफ्टमध्ये असतो.